पुढच्या चाकांचे पॅड कशाने झिजले

आमच्या गाडीच्या मेकॅनिकला आमच्या घरात ‘पुन्हाकाका’ म्हणतात. हे नाव मी सात-आठ वर्षांची असताना ठेवलं, आणि ते त्यांच्या कानावर गेल्यालाही आता वीसेक वर्षं झाली. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. गाडी आली की ते म्हणतात, “सुरू करा.” आपण सुरू करतो. “बंद करा.” आपण बंद करतो. मग मान तिरकी करून ते जरा वेळ जमिनीकडे बघतात आणि म्हणतात, “पुन्हा.” तिसऱ्या ‘पुन्हा’ला गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठ्या येतात. चौथ्याला काहीजण सरळ गाडी घेऊन दुसरीकडे जातात. गिऱ्हाईक गेल्याचं काकांना काही वाटत नाही. त्या गाडीला काय झालं होतं ते कळायचं राहून गेलं, याची मात्र त्यांना दोन-दोन दिवस चुटपुट लागते.

छापखाना आणि गाद्यांचं दुकान यांच्या मधल्या लांबोडक्या बोळावर पत्रे टाकले की जे होईल ते त्यांचं गॅरेज. दोन गाड्या नीट मावतात. तिसरीही मावते, पण मग माणसांनी बाहेर उभं राहायचं. एका बाजूने छपाईच्या यंत्राची खटखट, दुसऱ्या बाजूने कापूस पिंजल्याचा धुरळा, आणि मध्ये काका, डोक्याला फडकं बांधून कुठल्या तरी गाडीखाली आडवे. लहानपणी मी त्यांना पायांवरूनच ओळखायचे, कारण चेहरा क्वचितच दिसायचा.

मला त्या गॅरेजचं वेड लागलं ते मागच्या भिंतीवरच्या फळ्यांमुळे. इतर मेकॅनिक झिजलेला भाग काढतात, नवा बसवतात आणि जुना भंगारात टाकतात. पुन्हाकाका जुना भाग पुसून फळीवर ठेवतात आणि त्याला चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीवर भागाचं नाव नसतं, तो कशाने झिजला ते असतं. ‘चढ.’ ‘घाई.’ ‘दोघे चालवतात, दोघांचं पटत नाही.’ ‘पाणी घालायला विसरले, विचारलं तर नाही म्हणाले.’ एका जळक्या क्लच प्लेटवर तर ‘साहेबांच्या दारात रोज ताटकळत’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. जगात कुठलीच वस्तू उगीच झिजत नाही, असं या माणसाचं ठाम मत. कारण कळल्याशिवाय नवा भाग बसवणं म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट काम. त्यासाठी ते गिऱ्हाइकाला वाट्टेल ते विचारतात. तुमच्या घरासमोर चढ आहे का? मागे डाव्या बाजूला कोण बसतं, वजनाने कसं आहे? हल्ली घरी भांडण झालं होतं का? लोक चिडतात, पण उत्तर देतात, आणि बहुतेक वेळा काकांचा अंदाज बरोबर निघतो.

सगळ्यात खालच्या फळीवर एकच चिठ्ठी आहे, ‘कळलं नाही’. तिथे फार तर दोन-तीन वस्तू असतात. आणि त्या फळीच्याही पलीकडे, खिळ्याला एक ट्रकचा आरसा टांगलेला. तडा गेलेला, बिनचिठ्ठीचा. “काका, हा कशाने फुटला?” असं मी लहानपणी किमान दहा वेळा विचारलं असेल. दर वेळी त्यांनी माझ्या हातात एखादा नट दिला आणि म्हणाले, “याचा जोडीदार शोध बघू.” मी शोधायला जायचे आणि विचारायचं राहायचं. मोठी झाले तेव्हा कळलं की आपल्याला शिताफीने वाटेला लावलं जात होतं.

आता आमच्या बाबांविषयी. बाबा नकाशे काढण्याच्या कचेरीत होते. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तर ते जेवायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर काढायला काही रेघा उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी गाडी धरली. प्रवासाला निघायच्या आठ दिवस आधी त्यांची यादी निघते: टायर, स्टेपनी, बॅटरी, वायपर, काचेवर मारायचं पाणी, इंजिनातलं पाणी, जॅक, विजेरी, दोरी, औषधाची पेटी. प्रत्येक बाबीपुढे चौकोन, चौकोनात बरोबरची खूण, आणि खुणेची लांबीसुद्धा सगळीकडे सारखी. काका त्यांना ‘नकाशेसाहेब’ म्हणतात. बाबा त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. तीस वर्षांची ओळख, पण दोघं अजून एकमेकांना अहो-जाहो करतात आणि एकमेकांच्या कामात एकेक चूक सापडली की दोघांचा आठवडा छान जातो.

ही गाडी घेऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत ती बाबांखेरीज कोणीही चालवलेली नाही. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, गावोगावच्या विहिरींचे नमुने आणायला प्रयोगशाळेची व्हॅन घेऊन रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरते, पण ते बाबांच्या हिशेबी ड्रायव्हिंग नव्हे. “ती व्हॅन आहे,” ते म्हणतात. म्हणजे काय, हे मी बरीच वर्षं विचारते आहे. “व्हॅन वेगळी, गाडी वेगळी,” यापलीकडे खुलासा मिळालेला नाही.

या खेपेचा प्रवास साधा नव्हता. बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, साडेचारशे किलोमीटरवर एका दुमजली घरात वरच्या मजल्यावर एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. तिने आमच्याकडे येऊन राहावं म्हणून आम्ही तीन वर्षं तिच्या विनवण्या करत होतो आणि ती ताकास तूर लागू देत नव्हती. अखेर ती एका अटीवर तयार झाली. “माझा भाऊ स्वतः गाडी घेऊन येईल, तोच चालवेल, तर येईन. दुसऱ्या कोणाच्या गाडीत मी पाय ठेवणार नाही.” ही अट ऐकून बाबा दोन दिवस घरात ताठ मानेने फिरत होते. आत्या अशी आहे की एकदा बेत मोडला की पुन्हा तीन वर्षं नाव काढू देणार नाही. आणि तीन वर्षं कोणाकडे आहेत? म्हणून या वेळी यादी आठ नव्हे, पंधरा दिवस आधी निघाली.

निघायच्या दोन दिवस आधी आम्ही गाडी काकांकडे नेली. त्यांनी चाकं उतरवली, आणि पुढच्या उजव्या चाकापाशी ते वाकून बसले. मग डाव्या चाकापाशी गेले. मग परत उजव्या.

“नकाशेसाहेब, हे ब्रेकचे पॅड मी कधी बदलले?”

“आठ महिने झाले,” बाबांनी वही न बघता सांगितलं.

काकांनी दोन बोटांत धरून पॅड आमच्यासमोर केला. ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन बाजूंनी चिमटीत धरणारी ही जाड पट्टी. नवी असते तेव्हा बोटाएवढी जाड. हातातली पोस्टकार्डाएवढी पातळ उरली होती. तबकडीवर तापून निळसर झाक आली होती.

“घाटात गेला होतात?”

“कुठला घाट? बाजार आणि वाचनालय.”

काकांचे डोळे चमकले. त्यांना आता काळजी वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर त्यांना मजा वाटत होती, आणि मलाही. पुढचा दीड तास आम्ही दोघं त्या पॅडच्या मागे लागलो. चिमटा अडकून बसलाय म्हणावं, तर तो बोटाने सरकत होता. एका बाजूचाच पॅड झिजला म्हणावं, तर दोन्ही चाकांचे चारही पॅड सारखे झिजलेले. हातब्रेक ओढलेला राहतो म्हणावं, तर तो मागच्या चाकांना लागतो आणि मागची चाकं ठणठणीत होती. पॅडच भेसळीचे म्हणावेत, तर त्याच खोक्यातले पॅड छापखानेवाल्याच्या गाडीला बसवले होते आणि ते अजून निम्मेही झिजले नव्हते. काकांनी छापखानेवाल्याला गाडीसकट बोलावून त्याचंही चाक उतरवलं. तो बिचारा शाईच्या हातांनी उभा राहून विचारत होता, “पण माझी काही तक्रारच नाही.”

“ती आम्हालाही नाही,” काका म्हणाले, “नुसतं बघतोय.”

शेवटी नवे पॅड बसले, नवी तबकडी बसली, आणि आमचे जुने पॅड ‘कळलं नाही’च्या फळीवर गेले. बाबा म्हणाले, “उस्ताद, झालं ना काम? सोडा आता.” पण काका मान तिरकी करून जमिनीकडे बघत होते.

“परवा सकाळी सगळे या,” ते म्हणाले. “सामानासकट.”

ही त्यांची जुनी रीत. लांबच्या प्रवासाआधी ते आख्ख्या कुटुंबाला बोलावतात. गाडी तपासायची रिकामी आणि न्यायची भरून, हे त्यांना पटत नाही. जो जिथे बसणार तो तिथे बसतो, जी बॅग जिथे ठेवणार ती तिथे ठेवायची, आणि मग ते भोवती फिरतात. भरल्या गाडीची मागची बाजू खाली बसते आणि पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, म्हणून दिवे खाली करतात. टायरमध्ये दोन पौंड हवा वाढवतात. मागच्या सीटचे पट्टे ओढून बघतात, कारण ते कोणी वापरत नाही आणि सीटच्या फटीत गाडले जातात. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या सीटमागे आडवी दिसली तर काढून आईच्या हातात देतात. “ही घरंगळून ब्रेकखाली गेली म्हणजे, वहिनी?” आईला हा सगळा प्रकार बायकांच्या सामानात नाक खुपसणं वाटतो. तरी ती दर वेळी नटूनथटून येते.

त्या सकाळीही आलो. मी पुढे बाबांच्या शेजारी, आई मागे, आत्याच्या जागी तिच्या वजनाच्या हिशेबाने कापसाच्या दोन गासड्या, त्या गादीवाल्याकडून उसन्या. दिवे झाले, हवा झाली, पट्टे झाले. शेवटी काकांनी आईला खाली उतरवून गाडीच्या मागे उभं केलं. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे लागतात की नाही, हे ओरडून सांगायचं काम तिचं.

“दाबा,” काका म्हणाले.

“लागला!” आई मागून ओरडली.

“सोडा. आणि आता पाय ॲक्सिलरेटरवर ठेवा, चालवताना ठेवता तसा.”

“लागलाय!”

“अगं, सोडलाय मी,” बाबा खिडकीतून म्हणाले.

“तुम्ही काहीही सोडा, दिवा लागलाय!”

“नीट बघ जरा.”

“आता दिवा बघायलाही शिकवा मला. चाळीस वर्षं संसार केला, लाल रंग ओळखते मी!”

गादीवाला हसायला लागला, मीही हसले. काकांनी हसता हसता ड्रायव्हरचं दार उघडलं, खाली उकिडवे बसले आणि पॅडलपाशी डोकं घातलं. दिव्याचा खटका अडकला असणार, असं ते पुटपुटले. मग त्यांचं हसू गेलं. मी शेजारून वाकून बघत होते म्हणून मला दिसलं.

“पुन्हा,” काका म्हणाले.

बाबांनी ब्रेक दाबला, सोडला, पाय ॲक्सिलरेटरवर नेला.

“लागलाय!” मागून आवाज.

“पुन्हा.”

“लागलाय हो, किती वेळा सांगू!”

बाबांनी सहा महिन्यांपूर्वी नवे बूट घेतले होते. रुंद, जाड तळाचे, एक माप मोठे. त्या बुटाची कड ब्रेकच्या पॅडलवर दोन बोटं चढली होती. ॲक्सिलरेटर दाबला की ब्रेकही दाबला जात होता. आठ महिन्यांचं कोडं तिथे, रबराच्या कडेखाली उघडं पडलं होतं. मला इतका आनंद झाला की मी “बूट! काका, बूट!” असं ओरडणारच होते. पण काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड मिटलं. त्यांचं कुतूहल अजून संपलं नव्हतं. बूट चढला हे दिसलं, पण चढला ते माणसाला कळलं कसं नाही?

“नकाशेसाहेब, जरा उजवा बूट काढा. मोजाही.”

“का?”

“काढा तर.”

बाबांनी कुरकुरत काढले. काकांनी हातात पाना घेतला. “आता डोळे मिटा. हा पाना मी तुमच्या कुठल्या बोटाला लावतोय ते सांगा.”

“उस्ताद, हा काय पोरखेळ?”

“माझ्या समाधानासाठी.”

बाबांनी डोळे मिटले. मी वाकून बघत होते.

“सांगा.”

“अंगठा,” बाबा ठामपणे म्हणाले.

पाना गाडीच्या बाहेर फरशीवर होता. काकांनी तो बोटाला लावलाच नव्हता.

“पुन्हा,” काका हळू आवाजात म्हणाले, आणि या वेळी पान्याचं गार टोक त्यांनी खरंच करंगळीला टेकवलं, दाबलंसुद्धा.

बाबांनी वाट पाहिली. “लावा ना,” ते म्हणाले.

गंमत कुठल्या कुठे गेली.

बाबांनी डोळे उघडले, आमची तोंडं बघितली आणि त्यांना सगळं कळलं. ते लालबुंद झाले. “मी इथे गाडी तपासायला आणली होती,” ते म्हणाले. “मला तपासायला नाही. द्या तो बूट इकडे.”

काकांनी बूट दिला नाही. ते होते तिथेच फरशीवर मांडी घालून बसले आणि बूट मांडीवर घेतला. एवढ्या तापट माणसाला एका पायाने अनवाणी कुठेही जाता येईना. दुसऱ्या कुठल्या प्रसंगी मी पोट धरून हसले असते.

“तो आरसा दिसतो?” काका म्हणाले. ते बाबांशी बोलत होते, पण बघत माझ्याकडे होते. “पोरी, तू विचारायचीस ना? मी ट्रकच्या कंपनीत होतो तेव्हाचा आहे. माझा एक दोस्त होता, ड्रायव्हर. त्याच्या ट्रकची डावी बाजू सारखी घासायची. एकदा मी रंग लावून दिला. त्याची चेष्टा केली, बायको डावीकडे बसते का म्हणून. दुसऱ्यांदा आरसा फुटला, नवा बसवला. तिसऱ्यांदा परत रंग. मला तेव्हाच कळलं होतं, नकाशेसाहेब, त्याचा डावा डोळा गेलाय. पण मी म्हटलं, आपलं काम ट्रकचं. माणसाचं बघायला साहेब लोक आहेत. ट्रक माझ्या हातून एकदम ओके गेला. ब्रेक ओके, दिवे ओके. चौथ्यांदा डावीकडे ओरखडा नव्हता. सायकलवाला होता.”

शेजारच्या छापखान्याची खटखट तेवढी चालू होती.

“चौकशीत मला कोणी बोल लावला नाही. कागद साफ होते. म्हणून मी कंपनी सोडली आणि तेव्हापासून सगळ्यांना फालतू प्रश्न विचारतो. आता तुम्ही मला सांगा, पायाला कधीपासून कळत नाही?”

बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आई मागून येऊन दाराशी उभी होती, पदर खांद्यावर घट्ट ओढून.

“सहा महिने,” ते म्हणाले. “आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या. मला वाटलं, बरं झालं. एकदा संध्याकाळी बूट काढला तर आत खडा होता आणि मोजा रक्ताने भरलेला. दिवसभर त्या खड्यावर चाललो होतो मी.”

“तो मोजा मी महिनाभर शोधत होते,” आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “साखर वाढलीय एवढंच सांगितलंत मला. गोळ्या मोजून देत होते मी तुमच्या. आणि पायाचं लपवलंत?”

“सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असती तुम्ही.”

“काढून घेतलीच असती!”

“मग? ताईला आणणार कोण? ती माझ्याशिवाय यायची नाही. अट माहीत आहे ना तुला?”

तेव्हा मला कळलं की हा माणूस सहा महिने काय करत होता. चालवण्याचा शौक होताच, तो मी नाकारत नाही. पण आत्याला घरी आणेपर्यंत हा पाय कोणाला कळू द्यायचा नाही, एवढ्यासाठी त्यांनी पंधरा दिवसांची यादी केली होती, प्रत्येक चौकोनात सारख्या लांबीची खूण केली होती. गाडीत कुठेही उणीव राहू नये म्हणून जीव टाकला होता. मला त्यांचा भयंकर राग आला. साडेचारशे किलोमीटर, मध्ये घाट, मागे आई आणि आत्या, आणि ब्रेकवर असा पाय! आणि त्याच वेळी त्यांच्या त्या उघड्या, पांढऱ्या पडलेल्या पावलाकडे बघून मला रडूही येत होतं.

“मी चालवते,” मी म्हटलं.

“ती ऐकायची नाही.”

“तिला विचारा तरी.”

“आणि काय सांगू? की तुझा भाऊ...”

काकांनी फडक्याला हात पुसले, माझा फोन माझ्याकडून मागून घेतला आणि बाबांच्या हातात दिला. बूट मात्र अजून त्यांच्या मांडीवरच होता.

आत्याला कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर लावतो. तिसऱ्या घंटेला तिने उचलला.

“निघालास?” ती म्हणाली. “मी बांधाबांध केली नाहीये हां अजून. तू दारात दिसल्याशिवाय मी ट्रंक उघडणार नाही.”

“ताई, ऐक,” बाबा म्हणाले. “मी येतोय. पण गाडी पोरगी चालवणार आहे.”

“ते नाही ठरलं आपलं.”

“मला चालवता येत नाही आता.”

“काय झालं? दुसऱ्या कोणाचं ऐकून...”

“माझा पाय मला कळत नाही, ताई,” बाबा मोठ्याने म्हणाले, तिला ऐकू जावं म्हणून, आणि ते सगळ्या गॅरेजला ऐकू गेलं. गादीवाल्याने पिंजणं थांबवलं. “पाय जमिनीला टेकला तरी कळत नाही. ब्रेकवर आहे की नाही, कळत नाही. सहा महिने झाले. कोणाला बोललो नाही.”

फोन चालू आहे की कट झालाय हे मी वाकून बघितलं. बाबांचं तोंड उतरलं होतं. झालं, आता तीन वर्षं गेली, असं मला वाटलं.

“मी दोनदा पडले,” आत्या म्हणाली.

“काय?”

“न्हाणीघरात. दोनदा. दुसऱ्यांदा उठताच येईना. सकाळपासून पडून होते, दुपारी खालच्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर जात होती, तिने हाक ऐकली. मी तिला शपथ घातली, माझ्या भावाला कळवू नकोस म्हणून. कळलं असतं तर तू मला उचलूनच नेलं असतंस.”

“ताई, कधी हे?”

“झाले चार महिने.” तिचा आवाज बारीक झाला. “मला वाटत होतं, म्हातारी मी एकटीच होतेय.”

बाबांनी फोन कानाजवळ नेला, स्पीकरवर असूनसुद्धा. आई पुढे झाली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काका उठून फळ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

“ती पोरगी जपून चालवते का?” आत्याने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

“रोज सव्वाशे किलोमीटर चालवते,” ते म्हणाले. “खड्ड्यांच्या रस्त्याने. एक ओरखडा नाही.”

“मग कोणीही चालवू दे. तू ये फक्त. किती वाजता पोचाल?”

फोन ठेवल्यावर काकांनी बाबांना बूट दिला आणि एक शब्दही जास्त न बोलता मला म्हणाले, “बस तिकडे. तुझे पाय बघू.”

मी ड्रायव्हरच्या जागी बसले. पॅडल लांब होते. बाबा माझ्यापेक्षा पाऊण फूट उंच. मी सीटखालचा दांडा ओढून सीट पुढे सरकवायला गेले तर ती हलेना. अकरा वर्षांत ती एकदाही हलली नव्हती, रुळांवर गंज धरला होता. काकांनी रुळांत तेल सोडलं, दांडा ओढून धरला आणि मी पुढून जोर लावला. काही उपयोग झाला नाही.

तेव्हा बाबा आपण होऊन मागच्या दारातून आत आले. गासड्या बाजूला केल्या, माझ्या सीटच्या पाठीला दोन्ही हात लावले आणि ढकललं. सीट करकरली आणि एक घर पुढे आली. त्यांनी पुन्हा ढकललं. अजून एक घर. मग तिसरं.

“पोचतात का पाय?” त्यांनी मागून विचारलं.

मी ब्रेकवर पाऊल ठेवलं, दाबलं, आणि म्हटलं, “पोचतात, बाबा.”